किसनच्या हातचं गाणं

मी एक कॅसेट पुसली. चुकून पुसली असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नाही. वरचं नाव वाचून, ती कुणाची आहे हे पक्कं माहीत असताना पुसली. आणि पुढे त्या मुलाच्या आईला दुसरीच कॅसेट देऊन ‘हीच त्याची’ असं सांगितलं. हे आजवर मी कुणाला बोललेलो नाही, घरातही नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं की दुकानातल्या गमतीजमती लिहा, तेव्हा मी खरंच गमती लिहायला बसलो होतो. दोनदा लिहून फाडलं. दोन्ही वेळा ही गोष्ट टाळून लिहिलं होतं आणि ती टाळल्यावर जे उरत होतं ते मला माझंच वाटेना.

नारायणगावात एसटी स्टँडसमोरच्या ओळीत माझं कॅसेटचं दुकान होतं. नव्वद सालाच्या आसपास टाकलं आणि सीडी, मग मोबाइल आले तेव्हा मिटवलं. विकत मिळणाऱ्या कॅसेटही ठेवायचो, पण खरा धंदा भरून देण्याचा. गिऱ्हाईक गाण्यांची यादी घेऊन यायचं, मी ती गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचो. कायद्याने ते चूक होतं. गिऱ्हाइकाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि ज्यांनी धरायचं तेही अधूनमधून यादी पाठवायचे.

त्या चुकीच्या धंद्यातही माझी एक शिस्त होती. कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं. मी गाणं मध्येच तोडून बाजू संपवली असं कधी झालं नाही. मिनिटं-सेकंद मांडून गाणी बसवायचो, दोन मिनिटं उरली तर तेवढीच सनई घालायचो. रोज सकाळी डेकचं हेड स्पिरिटने पुसल्याशिवाय पहिली कॅसेट आत जात नसे.

एक गोष्ट आता समजावून सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कॅसेटच्या पाठीला दोन टोकांना प्लॅस्टिकच्या दोन छोट्या जिभा असत. जी भरलेली कॅसेट कायम जपायची तिच्या जिभा मोडायच्या. मग तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही, डेकचं लाल बटण खालीच जात नाही. पण मोडलेल्या जागी चिकटपट्टीचा तुकडा लावला की डेक फसतो आणि पुन्हा भरू देतो. म्हणजे जपलेली कॅसेट चुकून पुसली जात नाही. पट्टी कापावी लागते, नेमकी चिकटवावी लागते. मी ‘चुकून’ का म्हणू शकत नाही ते यातच आलं.

गिऱ्हाइकं एकेक होती. एक प्राथमिक शाळेचे मास्तर यायचे, त्यांना दोन्ही बाजूंना एकच भक्तिगीत हवं असायचं, साठ मिनिटं तेच. म्हशीसाठी. ते गाणं लागल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे. एकदा ती मूळ कॅसेट माझ्याकडे नव्हती.

म्हटलं, “मास्तर, तेच गाणं दुसऱ्या गायकाचं देतो. चाल तीच आहे.”

“नको हो,” मास्तर गंभीरपणे म्हणाले, “मागं एकदा दिलं होतं. लाथ मारली तिनं. तिला कळतं.”

किसन आला तो खोडदकडच्या मोठ्या दुर्बिणींचं काम चालू असताना. आकाशातला रेडिओ ऐकणाऱ्या त्या थाळ्या जाळीच्या आहेत. बारीक तारांची जाळी ताणून बसवायची, त्या कामावर ठेकेदाराकडे हा मुलगा होता. तळेघरच्या वरच्या अंगाच्या वस्तीतला, वय बावीस-तेवीस. बाप लहानपणीच गेलेला, घरी आई एकटी, भात आणि नाचणी. दिवसभर तारा ओढायचा आणि सुटीच्या दिवशी मंचरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतलेली जुनी गिटार वाजवायचा.

“भाऊ, ह्ये एवढं एकच गाणं दुसऱ्या कॅसेटवर घिऊन द्या. सायबाची हाये, उद्या परत द्यायचीय.”

मी लावून पाहिलं. इंग्रजी गाणं, मोठमोठ्या गिटारी, ढोल फुटेल असा वाजवलेला. विचारलं, “इंग्रजी कळतं का रे तुला?”

“न्हाई. वाजवणाऱ्याचं कळतं.”

त्याचे साहेब म्हणजे एक तमिळ इंजिनिअर. पुढे तेही दुकानात येऊ लागले. त्यांनी मोडक्या मराठीत अर्थ सांगितला. एक माणूस स्वतःच्याच घराचं दार वाजवत उभा आहे आणि आतून कुणी उघडत नाही. एवढंच गाणं.

किसन म्हणाला, “कडी आतनं लागली आसंल. हाक मारायची ना मंग. दार काय बडवतो येड्यावानी.”

साहेब हसले. म्हणाले, हे गाणं या बँडचं नाहीच. त्यांनी दुसऱ्याचं घेतलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. पन्नासेक लोकांनी तरी ते आपापल्या परीने म्हटलं असेल. पहिलं कुणाचं यावर तिकडे भांडणं आहेत.

मला त्यात नवल वाटलं नाही. आमचं गाव तमाशाच्या फडांचं. एकच लावणी चार फडांत चार तऱ्हेने ऐकत आम्ही मोठे झालो. पण किसनच्या डोक्यात ते बसलं. बाकीचे पन्नास कसे म्हणतात ते त्याला ऐकायचं होतं, आणि हळूहळू मलाही.

त्या काळी असं काही शोधायचं म्हणजे माणसांना विचारत फिरायचं. लेण्याद्रीला आलेल्या एका परदेशी बाईचा वॉकमन जुन्नरच्या घड्याळजीने दुरुस्त केला, खूश होऊन ती त्याला कॅसेट देऊन गेली. त्याने ती माझ्याकडे टाकली आणि दुसऱ्या बाजूला तेच गाणं निघालं, एका बाईने पियानोवर सावकाश म्हटलेलं, जणू दाराआडूनच. साहेबांच्या मित्राने गोव्यातल्या हॉटेलच्या बँडचं पाठवलं. पुण्याच्या जुन्या बाजारात बिनकव्हरची एक तबकडी मिळाली, तीत कुठल्या तरी देशातल्या पितळी बँडने त्याची पार वरात केली होती. एकदा पहाटे रेडिओवर शॉर्टवेव्हला अर्धवट सापडलं, पुढे नुसती खरखर. ती खरखरसुद्धा मी भरून ठेवली. किसन वहीत प्रत्येकाची नोंद करायचा. नावं लिहिता येत नसत म्हणून ‘पेनोवाली बाई’, ‘वरात’, ‘खरखर’ असं लिहायचा.

सगळ्यांत निराळी कॅसेट भंगारातून आली. कोऱ्या कॅसेट महाग पडायच्या म्हणून आम्ही पुण्याहून वापरलेल्या कॅसेट लॉटने आणायचो आणि त्यांच्यावर भरायचो. अशा एका लॉटमध्ये वर काही न लिहिलेली एक निघाली. पुसण्याआधी सवयीने ऐकली. एकच माणूस, एकच गिटार आणि जमिनीवर आपटणारा पाय. गाणाऱ्याचा आवाज नाही, शब्द नाहीत. तेच गाणं, पण तार रडल्यासारखी लांबत होती. साहेबांनीही हात टेकले, हा कोण ते त्यांना सांगता येईना.

त्या दिवशी फडातले एक म्हातारे ढोलकीवाले दुकानात टेकले होते. डोळे मिटून ऐकत राहिले. म्हणाले, “ठेका चुकतोय ह्यो. पर मुद्दाम चुकतोय. लई बेरकी माणूस.”

किसनने ती कॅसेट तीन सुट्या ऐकली. चौथ्या खेपेला लोखंडी नळीचा बोटभर तुकडा घेऊन आला, करंगळीत घातला आणि तारेवरून घसरवला. तस्साच आवाज. “बोट न्हाईच ह्ये भाऊ. लोखंड फिरवतोय तारंवर. मी म्हणतच व्हतो, बोटानं आसं रडत न्हाई.” पन्नास जणांतला एक कसा वाजवतो ते आम्ही नारायणगावात बसून शोधून काढलं होतं. इतका आनंद मला दुकानात पुन्हा कधी झाला नाही.

मग त्याने आपलं बसवलं. माघात एका दुपारी मी शटर अर्धं खाली घेतलं, पंखा बंद केला, त्याला स्टुलावर बसवून पुढे माइक ठेवला. दोनदा बाहेरच्या एसटीच्या हॉर्नने घाण केली. तिसऱ्यांदाही हॉर्न वाजला, पण तो थांबलाच नाही, तोच भरला गेला. सुरुवातीला माइकजवळ तोंड नेऊन तो म्हणाला, “आये, ह्ये तुझ्यासाठी हाये. मधी तुझी आवणीची चाल घातलीय. वळखू येती का बघ.”

आवणी म्हणजे भाताची लावणी. चिखलात वाकून रोपं लावताना त्याची आई तोंडातल्या तोंडात काहीतरी आळवायची. त्या इंग्रजी गाण्याच्या पोटात ते इतकं बेमालूम बसलं होतं की जोड कुठे आहे ते मला कळलं नाही, आणि मी जोड ओळखणाराच माणूस. तो मला म्हणाला, “पयल्यांदा सायबाच्या खोलीत ऐकलं तवाच मला आये आठवली. म्हणून तर मागं लागलो.”

मी जिभा मोडल्या, वर ‘किसन – आईसाठी’ लिहिलं आणि कॅसेट त्याच्यापुढे धरली.

“तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. घरी टेप न्हाई अजून. आन तळेघरचा पाऊस तुमाला म्हाईत न्हाई, पेटीतल्या कापडाला बुरशी येती. टेप घेतला की नेतो.”

दुकानात एक पत्र्याचा डबा होता, त्यात मी लोकांची अशी जपायची रेकॉर्डिंगं ठेवायचो. त्यात ती ठेवली.

चैत्रात आमच्याकडे गावोगावच्या यात्रा. यात्रा म्हटली की बैलगाड्यांच्या शर्यती, आणि त्यांचा पुकारा जीपला भोंगा बांधून गावोगाव फिरवायचा. तो पुकारा माझ्याकडे भरून घ्यायला कमिट्या यायच्या. त्या वर्षी एका गावची मंडळी भर दुपारी आली. जीप दारात चालू ठेवलेली.

“शेठ, आत्ताच्या आत्ता पायजे. यात्रा परवाय.”

“कोऱ्या संपल्यात. उद्या पुण्याहून येतील.”

“उद्या काय करू राव? शर्यतीच्या घाटात माणूस न्हाई आलं तर शेजारची गावं आमाला बसू देत्याल का?”

दुसरा म्हणाला, “आसूद्या ओ, शेठचं आता लई मोठं झालंय. आपून मंचरला जाऊ.”

मंचरला जाऊ हे मला लागलं. मी डबा उघडला. आत सहा कॅसेट होत्या. एकीत एका आजीच्या ओव्या, ती आजी गेली होती. एकीत एका बुवांचं कीर्तन, बुवाही गेले होते. एक लग्न, त्यातली नवरी बाळंतपणात गेलेली. एकेक वाचत गेलो आणि किसनची हातात आली. तो जिवंत आहे. तरुण आहे. पुन्हा वाजवेल, काय लागतंय त्याला. बाकीच्यांचं पुन्हा मिळणार नव्हतं. त्या क्षणी मला मी फार विचारी माणूस वाटलो. पट्टी कापली, दोन तुकडे चिकटवले, लाल बटण दाबलं.

त्यानंतर किसन दोनदा आला. पहिल्या वेळी गर्दी होती. दुसऱ्या वेळी दुकानात आम्ही दोघंच होतो. त्याने विचारलं, “माझी कॅसेट हाये ना भाऊ? पुढल्या म्हयन्यात टेप घेतो म्हणतो.”

मी म्हटलं, “आहे की.”

पुन्हा वाजवून घेऊ, असं माझ्या मनात होतं. काहीतरी निमित्त काढू, खरखर आलीय म्हणू. ते निमित्त मी शोधत होतो तेवढ्यात हायवेला टोमॅटोच्या ट्रकने मोटारसायकलला उडवलं. किसन मागे बसला होता. जागेवर गेला.

मी त्या यात्रेच्या गावी गेलो. जीपवाल्याकडून कॅसेट परत घेतली आणि शटर लावून ऐकली. शेवटी कुठे चार सेकंद तरी राहिली असतील, ही आशा. पुकारा दोन्ही बाजूंना टोकापासून टोकापर्यंत होता. बैलगाडा मालकांनी नोंदणी करावी, नोंदणी करावी. मीच भरला होता. कुणाला मिनिटभर कमी दिलं नाही, ही माझी शिस्त.

महिना-सव्वा महिन्याने ठकूबाई आली, किसनची आई. बरोबर तिचा दीर. वस्तीतून खाली चालत, मग दोन एसट्या बदलून. दुकानाच्या पायरीवरच बसली, आत या म्हटलं तरी आली नाही.

“शेठ, पोराचं वाजवल्यालं तुमच्यापाशी हाये म्हणं. त्यानं सांगितलं व्हतं.”

दीर म्हणाला, “माझ्या पोरानं टेप दिलाय भोसरीवरनं. आता तेवढंच हाये तिला.”

त्या वेळी सांगता आलं असतं. मी म्हणालो, “डब्यात खोल गेलीय. आठ दिवसांनी या, शोधून ठेवतो.”

त्या आठ दिवसांत मी जे केलं ते करायला धंद्यातलं सगळं कसब लागलं. भंगारातल्या त्या अनामिक माणसाची कॅसेट घेतली, कारण तोही नळी घसरवून, पाय आपटून, शब्दावाचून वाजवत होता. पण ती साफ भरलेली होती, माझ्या दुकानातली वाटली नसती. म्हणून ती एका डेकवर लावून समोर माइक ठेवला आणि शटर अर्धं खाली घेऊन दुसऱ्या डेकवर भरली. बाहेर एसटीचा हॉर्न वाजेपर्यंत वाट पाहिली. स्टूल मुद्दाम करकरवलं. वर तीच अक्षरं काढली, ‘किसन – आईसाठी’, आणि जिभा मोडल्या. त्या परदेशी माणसाचं नाव आधीच कुणाला माहीत नव्हतं. आता त्याचं वाजवणंही मी काढून घेतलं.

ठकूबाई आठव्या दिवशी आली. मी लावून दाखवली. तिने पदराने तोंड झाकून ऐकलं. संपल्यावर म्हणाली, “पयलं मला हाक मारलीय म्हणाला व्हता.”

“सुरुवातीचं खराब झालं मावशी. आतली फीत चावली गेली.”

“आसूंद्या,” ती म्हणाली. “बाकीचं तरी ऱ्हायलं.” आणि जाताना तिने मला नाचणीच्या पिठाची पिशवी दिली. मी ती घेतली.

पुढे दुकान चाललं, मग बसलं. मी झेरॉक्सचं मशीन घेतलं. ती वही किसन माझ्याकडेच ठेवायचा. दुकान आवरताना मी ती जाळली. ‘वरात’, ‘पेनोवाली बाई’ सगळ्या कॅसेट भंगारात दिल्या. गाणं मात्र कुठेतरी कानावर पडायचंच. एकदा पुण्यात बसमध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर ते वाजलं, कुणा नव्याच पोराने म्हटलेलं. मी उतरून दुसऱ्या बसने आलो.

दुकान मिटल्यावर दोन वर्षांनी मी सांगायचं ठरवून तळेघरला गेलो. गाडीरस्ता संपल्यावर तासभर चाललो. ठकूबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. वाकली होती, पण मला लगेच ओळखलं. “कॅसेटवालं शेठ ना? बसा. च्या ठिवते, बिनदुधाचा.”

टेप कोनाड्यात होता, वर प्लॅस्टिकचा कागद, शेजारी कापडात गुंडाळलेली कॅसेट. बुरशी येऊ नये म्हणून ती पावसाळाभर चुलीच्या वर ठेवायची. तिने न विचारताच लावली. त्या माणसाचा पाय आपटू लागला, मी भरलेला हॉर्न वाजला. मी कपाकडे बघत राहिलो.

“वाजवायचा चांगला न्हवं?” ती म्हणाली.

“फार चांगला.”

“पर एक इचारू का? तुमी जाणकार. त्यो म्हणाला व्हता, आये तुझी आवणीची चाल घातलीय मधी. इतकी वरीस झाली, रोज ऐकती. मला काय सापडत न्हाई वो ती.” ती थोडी हसली. “म्हातारीचं कान गेलं. पोराचं वाजवल्यालं वळखता येईना. दीर म्हणतो, नीट ध्यान दिऊन ऐक. किती ध्यान दिऊ?”

मी म्हटलं, “असतं ते बारीक. पटकन नाही कळत.”

हे मी म्हटलं. चालत तासभर गेलो होतो तो दुसरंच सांगायला, आणि तोंडातून हे निघालं. ती मान हलवून म्हणाली, “आसंल. पुन्यांदा ऐकते.”

हे छापून आलं म्हणजे मी मोकळा झालो असं कुणी समजू नये. ठकूबाईला वाचता येत नाही आणि तिच्या वस्तीवर दिवाळी अंक जात नाही. इथे कबूल करणं मला सोपं आहे म्हणूनच इथे केलं. तिच्यासमोर जाऊन सांगायचं ते अजून बाकी आहे. तिचा मुलगा त्या कॅसेटमध्ये नाही, तो मी पुसला. त्याने तिची चाल खरंच घातली होती, मी ऐकली आहे, आणि ऐकणारा मी एकटाच उरलो आहे. आणि तिचे कान चांगले आहेत. एवढं मी तिचं देणं लागतो.